चांगला पंखा काढून भंगार बसवले: माझे 57,950 रुपये कसे गेले

गेली 18 वर्षे मी सोलापुरातून भाविकांना तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूरला स्वतःच्या डिझेल जीपमधून नेतो. त्यामुळे ‘गाडीतले काही कळत नसलेला माणूस फसला’ असे कोणी समजू नये. मला क्लच कळतो, ब्रेक कळतो, बेल्टचा आवाज कळतो. रेडिएटरच्या पंख्याकडे मात्र मी इतक्या वर्षांत कधी लक्ष दिले नव्हते, कारण त्याने कधी त्रासच दिला नव्हता, आणि नेमके तेच त्या मेकॅनिकने हेरले.

मार्चअखेरीस ऑइल बदलायला गेलो असताना त्याने बॉनेट उघडून पंखा हाताने फिरवून दाखवला. पंखा जड फिरला आणि लगेच थांबला. “बघा मालक, हा इंजिनला सारखा ओढतोय. इलेक्ट्रिक बसवा, लिटरमागे तीन किलोमीटर ॲव्हरेज वाढेल,” असे तो म्हणाला. डिझेलच्या खर्चाने मी आधीच वैतागलो होतो, चैत्री पौर्णिमेच्या फेऱ्या तोंडावर आल्या होत्या, त्यामुळे ते बोलणे मला पटले. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यालाही पटले असते.

माझ्या गाडीतला पंखा व्हिस्कस कपलिंगचा, म्हणजे घट्ट तेलाच्या जोडणीतून इंजिनवर फिरणारा होता. त्या कपलिंगमध्ये सिलिकॉन तेल असते आणि पुढच्या बाजूला दोन धातूंच्या पट्टीची स्प्रिंग असते. रेडिएटरमधून गरम हवा आली की स्प्रिंग आतली झडप उघडते, तेल सरकते आणि पंखा इंजिनच्या ताकदीने जोरात फिरू लागतो. हवा थंड असेल तेव्हा तो बराचसा सुटा राहतो आणि इंजिनवर फारसा भार टाकत नाही. म्हणजे सारखे ओढण्याची गोष्टच खोटी होती. इंजिन बंद असताना असा पंखा हाताला थोडा जड लागणे हे कपलिंग शाबूत असल्याचे लक्षण आहे. हाताने ढकलल्यावर तो सैल होऊन गरगर फिरत राहिला, तर कपलिंग गेले असे समजावे. माझ्या पंख्याच्या चांगुलपणालाच त्याने आजार ठरवले.

किट 11,800, मजुरी 1,700, वायर आणि स्विच 1,000, असे 14,500 रुपये त्याने सांगितले. जुना पंखा आणि कपलिंग ‘भंगार’ म्हणून 600 रुपयांना ठेवून घेतले आणि माझ्याकडून 13,900 रुपये रोख घेतले. काढलेला सुटा भाग मेकॅनिककडे कधीही सोडू नका, तो कितीही निकामी असल्याचे सांगितले तरी.

आता जे लिहितो आहे ते लिहिताना आजही मान खाली जाते. गाडी ताब्यात घेताना मी सहज नव्या मोटरवर अंगठा टेकवला आणि अंगठ्याला काळा रंग लागला. रंग ओला होता. त्या रंगाखाली जुन्या चिखलाचे कडे बोटाला खरखरीत लागत होते, आणि जिथे कंपनीची पट्टी असते तिथे खरवडल्याच्या खुणा होत्या. त्याने पटकन फडके पुढे केले, “ग्रीस आहे मालक,” म्हणाला, आणि मी अंगठा पुसला. ग्रीस आणि रंग यांच्या वासातला फरक मला 18 वर्षांत कळत नव्हता का? कळत होता. नाक सांगत होते, पण पैसे देऊन झाले होते आणि दुसऱ्या दिवशीची फेरी ठरलेली होती. पुढे कळले की तो एका लहान पेट्रोल गाडीचा जुना पंखा होता. त्याला रेडिएटरभोवतीचे श्राउड, म्हणजे सगळ्या रेडिएटरमधून हवा ओढली जावी म्हणून असलेले आवरण, नव्हते, त्यामुळे तो जेमतेम मधल्या गोलातूनच हवा ओढत होता. रिले (बटणाऐवजी मोठा भार स्वतः सोसणारा स्विच) नाही, फ्यूज नाही, तापमानावर चालणारा स्विच नाही. डॅशखाली एक साधे बटण लावून दिले होते. 240 वॅटची मोटर 12 व्होल्टवर 20 अँपिअर ओढते; तसला भार त्या बारीक वायरीने आणि बटणाने कसा सोसायचा?

एप्रिलमध्ये भर दुपारी तुळजापूरच्या घाटात प्लास्टिक जळाल्याचा वास आला, बटण गरम होऊन चिकटले आणि पंखा बंद पडला. काटा लालवर जाताच मी गाडी बाजूला घेतली, हे शपथेवर सांगतो, तरीही हेड (इंजिनचे वरचे झाकण) वाकले आणि त्याखालचे गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी चकती) जळाले. नऊ भाविक उन्हात रस्त्याच्या कडेला बसले होते, त्यांत दोन म्हाताऱ्या आजी होत्या. त्यांचे 3,800 रुपये मी तिथेच परत केले. टोचन करून आणायला 3,200, हेड फेसिंग (हेड पुन्हा सपाट करणे), गॅस्केट आणि मजुरी मिळून 27,400, आणि पूर्वीसारखे व्हिस्कस कपलिंग, पंखा व श्राउड बसवायला 9,650 रुपये लागले. सगळे मिळून 57,950.

इलेक्ट्रिक पंखा वाईट असतो असे मी म्हणत नाही. लहान गाड्यांत इंजिन आडवे असते, तिथे तोच सोयीचा पडतो, आणि गर्दीत गाडी उभी असताना तो पूर्ण वेगाने हवा देतो. पण जड गाडीत, घाटात, भरल्या आसनांनी जाणाऱ्याने मूळचा पंखा शाबूत असताना तो बदलूच नये. बदलायचाच असेल तर आधी रिले, फ्यूज आणि श्राउड डोळ्यांनी पाहावे, आणि अल्टरनेटरला (गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राला) तो भार झेपेल का हे विचारावे.

मेकॅनिकने हात वर केले. पोलीस ठाण्यात गेलो तर “हा दिवाणी मामला आहे” असे पहिले वाक्य ऐकायला मिळाले. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318 आहे, असे मी म्हणालो तेव्हा “पक्के बिल आणा” असे उत्तर आले. माझ्याकडे साध्या कागदावर ‘पंखा काम 13,900’ एवढीच चिठ्ठी होती. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर होते, तिसऱ्या दिवशी ते जेवायला गेले होते, चौथ्या दिवशी माझा अर्जच सापडेना. जुना पंखा नव्या किमतीला विकणे, मूळचा भाग भंगार म्हणून लाटणे आणि नऊ माणसांचा जीव धोक्यात घालणे यांत गुन्हा दिसत नसेल, तर तो कशात दिसतो? पोच मागितली तर “विश्वास नाही का?” असे मलाच सुनावले गेले. तिथे मी चार दिवस घालवले, म्हणजे चार दिवसांची कमाईही गेली. लेखी अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तेथून हलू नका.

आता मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करतो आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. जळालेले बटण, रंग फासलेली मोटर आणि ती चिठ्ठी मी एका पिशवीत बांधून ठेवली आहे. माझ्यासारखाच पंखा ‘ओढतो’ म्हणून ज्यांच्या गाडीतून काढून घेतला गेला असेल, त्यांनी बसवलेली मोटर फेकू नये आणि आपली पावती, ती कच्ची असली तरी, जपून ठेवावी.