"मायकोप्लाझ्मा फ्री" म्हणून पेरेंट पक्षी विकणाऱ्यांपासून सावध रहा

देशी कोंबडीची पिल्लं विकायची म्हणून पेरेंट (ज्यांच्या अंड्यातनं पिल्लं काढायची ते पक्षी) घेताय तर हे वाचा. मायकोप्लाझ्मा म्हणजे कोंबड्यांना श्वासाचा आजार करणारा जंतू. मी अंड्यावर येणाऱ्या तलंगा घेतल्या, सोबत दहाला एक कोंबडा. विकणारा म्हणाला दादा लॉट एकदम मायकोप्लाझ्मा फ्री आहे, हा बघा लॅबचा रिपोर्ट, आणि व्हॉट्सॅपला पीडीएफ टाकली. शेडवर जाऊन बघितलं तर पक्षी चकचकीत, डोळे साफ, एक शिंक नाही. बाकीचे पैसे रोखीने घेतले आणि पावती कच्ची, त्यावर नुसतं "देशी पक्षी".

अंडी सुरू व्हायच्या टायमाला एकेकाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस दिसायला लागला, रात्री लाइट बंद केली की अख्ख्या शेडमधनं घरघर ऐकू यायची आणि अंडी काही चढेनात. डॉक्टरांनी मेलेला पक्षी फाडला, हवेच्या पिशव्या गढूळ आणि आत पनीरसारखा चोथा. मग रक्त घेतलं, पांढऱ्या फरशीवर सिरमचा एक थेंब, बाजूला जांभळ्या औषधाचा एक थेंब, दोन्ही एक करून हलवलं, दोन मिनिटं व्हायच्या आत बारीक गुठळ्या, म्हणजे पॉझिटिव्ह. लस दिली असली तरी ही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते म्हणून पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) पण केली, तीही पॉझिटिव्ह.

तेव्हा डॉक्टरांनी तो पीडीएफ नीट वाचला. सॅम्पल घेतल्याची तारीख माझे पक्षी अंड्यातनं बाहेर पडायच्या आधीची!! दुसऱ्याच कुणाच्या लॉटचा रिपोर्ट. पुढे विकणाऱ्याच्याच शेडवरचा एक पोरगा बोलून गेला की गाडी भरेपर्यंत पाण्यातनं टायमुलिन नावाचं अँटिबायोटिक चालू होतं. खरा खेळ हा आहे. टायलोसिन, टायमुलिन, डॉक्सी यांनी आजार दबतो, पक्षी बरा दिसतो पण जंतू अंगात राहतो आणि अंड्यातनं पिल्लात उतरतो, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक पण गेलं. औषध चालू असताना घेतलेला स्वॅब निगेटिव्ह पण येऊ शकतो.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे रोग तुमच्याच शेडचा, आणि वर त्याच्याच ओळखीचा एक जण "कायमचं क्लिअर" करणारी पावडर घेऊन दारात हजर. पुडीवर ना बॅच नंबर ना औषधाचं नाव. खाद्यात सॅलिनोमायसिन (रक्ती हगवणीवरचं औषध) आहे, चालेल का एवढंच विचारलं तर चालतंय की म्हणाला. पुडीत टायमुलिन असेल तर सॅलिनोमायसिनसोबत पक्षी लुळे पडून मरतात, ह्याला त्याचा पत्ताच नाही. हाकलला.

उबवणीला अंडी देणं बंद केलं, लॉट काढून टाकला, तूस काढून शेड धुवून रिकामं ठेवलंय. पिल्लं नेलेल्यांना फोन करून सांगितलं, दोघांनी शिव्या घातल्या, घालणारच ना.

आता कुणी विचारलं तर मी म्हणतो पैसे द्यायच्या आधी आपला डॉक्टर नेऊन आपल्या हाताने सॅम्पल घ्या, औषध बंद होऊन काही आठवडे झाले असले पाहिजेत, एमजी आणि एमएस (मायकोप्लाझ्माचे दोन प्रकार) दोन्ही तपासा, कुठली लस कधी दिली ते लिहून घ्या आणि पावतीवर "एमजी एमएस निगेटिव्ह" लिहून सही घ्या. माझ्या पावतीत ते नाही म्हणून तक्रार लंगडी पडलीये.

त्याची जाहिरात अजून फिरतेय. पीडीएफ तीच, तारीख तेवढी नवीन टाकलीये, सॅम्पल नंबर बदलायचा मात्र राहिलाय.