कौलांखाली प्लास्टिक घालावं की नको?

गोव्यात फोंड्याजवळ घर बांधताना मी दोन्ही करून पाहिलं. झोपायच्या खोलीत जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर जाड प्लास्टिक अंथरलं. हॉलला नुसत्या लाकडी फळ्या, मध्ये बारीक फटी, वर थेट मंगळुरी कौलं.

मे महिन्यात विचारलं असतंत तर मी प्लास्टिकचीच बाजू घेतली असती. धूळ, उंदरांची घाण, सगळं वरच अडायचं. हॉलमध्ये मात्र दिवसातून दोनदा झाडू.

मग जुलै आला आणि पलंगाच्या बरोबर वर चहाच्या रंगाचा डाग उमटला. कौल फुटलं असणार, म्हणून माणूस वर चढवला. त्यानं एक कौल बदललं, डाग वाढला. पुन्हा बोलावून आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं, सिमेंटनं भरून घेतले; डाग आणखी वाढला. तिसऱ्या खेपेला तो वरूनच ओरडला, "पात्रांव, वयर सगळें सुकें आसा!" म्हणजे, मालक, वर सगळं कोरडं आहे. शेवटी जिप्समचा एक तुकडा कापला, तर प्लास्टिकवर पाण्याचं तळं. पावसाचं नव्हे, हवेतलंच पाणी. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा असला की साधारण २६ अंशांखालच्या कुठल्याही गार वस्तूवर दव धरतं, आणि माझा एसी रात्रभर २४ वर. थंड देशांत प्लास्टिक आतल्या बाजूनं लावतात, कारण तिथे ओलावा उबदार घरातून बाहेर जायला बघतो. आपल्याकडे एसी लावला की तो बाहेरून आत येतो. न झालेल्या गळतीसाठी मी तीनदा मजुरी मोजली, याचा राग अजून गेलेला नाही.

हॉलच्या फळ्याही पावसात फुगतात, थोडी बुरशी धरतात. पण ऊन पडलं की सुकतात. शिवाय चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट, त्याच लाकडाला बांधता येते, जिप्समला कोण बांधणार?

एसी नसलेल्या घरात कदाचित प्लास्टिकचा एवढा त्रास होणार नाही. वाऱ्यानं आत येणारा पावसाचा फवारा अडवायचाच असेल, तर मला वाटतं चादर थेट कौलांखाली, वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढवून पागोळीपर्यंत न्यावी आणि तिच्या नि छताच्या मध्ये हवा खेळती ठेवावी.

माझ्या खोलीतलं प्लास्टिक ऑक्टोबरात निघालं, जिप्समसकट. आता तिथेही फळ्या आहेत. एसी २७ वर, जोडीला पंखा. बायको म्हणते, खोली पूर्वीसारखी गार होत नाही. खरंच होत नाही.