डिप्लोमा, कार्यशाळा की इथलीच तालीम: नागपूरच्या सांकेतिक भाषा दुभाष्याने काय निवडावं?

मेडिकलच्या ओपीडीत, पोलीस ठाण्यात, लग्नाच्या बोलणीत दुभाषी म्हणून उभं राहणाऱ्याला कधीतरी वाटतंच की आता नीट शिकायला हवं. नागपुरात राहून तीन वाटा दिसतात: दोन वर्षांचा डिप्लोमा, अधूनमधून होणाऱ्या कार्यशाळा आणि ऑनलाइन वर्ग, नाहीतर इथल्याच कर्णबधिर मंडळींकडून कामाची तपासणी करून घेणं. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली वाट नोकरीची, दुसरी दुभाषी म्हणून झालेली सरकारी नोंदणी टिकवण्याची आणि काम सुधारतं ते तिसरीवर.

डिप्लोमा म्हणजे डीआयएसएलआय, भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषेपणाचा अभ्यासक्रम. मान्यता भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, आणि प्रवेशाला बारावी पास लागते. दिल्लीचं आयएसएलआरटीसी, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र (स्थापना 2015), आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था ही आपल्याकडच्यांना ठाऊक असलेली ठिकाणं. आरसीआयची नोंदणी नसेल तर फार विचार न करता हीच वाट धरा. सरकारी किंवा कॉलेजातली जागा हवी असेल, तर कागद आधी बघतात, हात नंतर. पण दोन वर्षं गाव सोडायचं म्हणजे बाहेरची खोली, मेस आणि इकडे जमलेली कामं दुसऱ्याच्या हाती. विशी-पंचविशीतल्याला झेपतं, घरी लेकरं असतील तर हिशेब अवघड होतो. आईवडील किंवा भावंडं कर्णबधिर असलेल्यांनी, म्हणजे कोडा-सोडांनी, अर्ज भरण्याआधी आरपीएलची चौकशी करावी. अंगी असलेलं कौशल्य परीक्षेतून प्रमाणित करून घ्यायची ती सोय आहे.

कार्यशाळांचं गणित साधं आहे. आरसीआयच्या नोंदणीवाल्यांना नोंदणी टिकवायला सीआरईचे, म्हणजे सतत शिकत राहण्याचे, गुण लागतात, ते इथे मिळतात. एखादा नेमका विषय, समजा कोर्टाचं काम, दोन दिवसांत बऱ्यापैकी कळतो. त्याची गरजही वाढणार आहे: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात न्याय मिळवण्याच्या सोयीसाठी स्वतंत्र कलम आहे, आणि 2023 च्या सप्टेंबरात कर्णबधिर वकील सारा सनी दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयात ऑनलाइन हजर झाल्या. पण भरल्या हॉलमध्ये तुमचे हात कोण बघणार? प्रमाणपत्र मिळतं, चूक तशीच राहते. आणि नुसते शब्द वाढवायला तर पैसे भरूच नका. आयएसएलआरटीसीचा 10,000 शब्दांचा कोश 2021 पासून फुकट बघता येतो.

आता तिसरी वाट. बहुतेकांचं दुबळं अंग एकच असतं: आवाजाकडून हाताकडे जाणं, म्हणजे बोललेलं खुणांत सांगणं, जमतं; हाताकडून आवाजाकडे येताना गडबड होते. समजा एक कर्णबधिर माणूस खुणांनी बँकेतली हकीकत सांगतोय. सुरुवातीला त्याने समोरच्या हवेत वडिलांची जागा डावीकडे ठरवली, मॅनेजरची उजवीकडे. पुढे तो कोणाचं नाव घेत नाही, नुसतं डावीकडे बोट दाखवतो. मग खांदे वळवून, भुवया चढवून मॅनेजरच होतो. दुभाष्याचं लक्ष क्षणभर हललं की ‘वडील चिडले’ असं बोलून मोकळा! खरं तर चिडला होता मॅनेजर. ही चूक कोणत्याही कोशाने सुधारत नाही. तिला उपाय असा: पाच मिनिटांची हकीकत मोबाइलवर घ्या, तुमचा मराठी आवाज त्यावर चढवा, तो लिहून काढा आणि सांगणाऱ्यासमोरच ओळ न् ओळ ताडून बघा. आठवड्यातून एकदा, आणि त्याच्या वेळेचे पैसे देऊन. ‘आपलाच भाऊ आहे’ म्हणून फुकट घेऊ नका.

याच बैठकीत इथल्या खुणाही कळतात. शाळेशाळेगणिक आणि पिढीगणिक खुणा बदलतात; दिल्लीच्या व्हिडिओतली खूण शंकरनगरच्या मूकबधिर शाळेतून फार पूर्वी बाहेर पडलेल्या काकांना कळेलच असं नाही, आणि ओपीडीत औषधाचा डोस सांगताना ते परवडत नाही. या वाटेची उणीव उघड आहे: कागद मिळत नाही. शिवाय कधी, काय सांगायचं नाही, पक्षकाराची गुप्तता कशी राखायची, लांब कार्यक्रमात दर वीस-तीस मिनिटांनी जोडीदाराशी अदलाबदल कशी करायची, हे कोणी अनुभवी दुभाषी सोबत असल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. नागपुरात बरीचशी कामं एकट्यानेच करावी लागतात, तेव्हा निदान मोठ्या कार्यक्रमाला तरी दोघांचं मानधन मागा आणि ज्येष्ठ माणसासोबत बसा.

म्हणून नोंदणी नसेल तर डिप्लोमाचा अर्ज, आणि निकाल येईपर्यंत आठवड्याची बैठक. नोंदणी असेल तर गुणांपुरत्या कार्यशाळा, त्याही कोर्टाच्या किंवा दवाखान्याच्या विषयावरच्या, आणि उरलेला पैसा बैठकीवर. व्हिडिओ मात्र ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय कोणाला पाठवू नका, शिकवणाऱ्यालाही नाही.