खत झकास, ड्रम बरा, बिजागरी मात्र बोगस

ओल्या कचऱ्याचं खत करायच्या ड्रमचे स्पेक्स लिहीत बसत नाही, साइटवर सगळं आहे. दोन कप्प्यांचा, हाताने फिरवायचा तोच. सोसायटीत वर्गणी काढून घेतला. आम्ही रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच झालंय.

गेल्या आठवड्यात दार निखळलं. वॉचमनने हँडल फिरवलं, दार खाली आणि त्याच्यामागून अख्ख्या बिल्डिंगची कोळंबीची सालं पार्किंगमध्ये. ड्रमची बॉडी प्लास्टिकची, तिला काही झालेलं नाही, पण बिजागऱ्या आणि नट-बोल्ट साध्या लोखंडाचे, वरून काळा रंग फासलेला. पाना लावला तर बोल्टचं डोकंच गोल झालं आणि हातात गंजाचे पापुद्रे आले. कोकणात माल विकताय आणि खारी हवा माहीत नाही? कंपनीला फोन केला तर म्हणे सर, गंज नैसर्गिक कारणात येतो, वॉरंटीत बसत नाही. मग काय अनैसर्गिक गंज बसतो का वॉरंटीत? कोल्हापूरहून माणूस पाठवतो म्हणाले, व्हिजिट चार्ज आमच्याच डोक्यावर. नको म्हटलं, ठेवा तुमचा माणूस.

मिरकरवाड्याला बोटींचं सामान मिळतं तिथून ३१६ ग्रेड स्टेनलेसचे बोल्ट आणले, बिजागऱ्या गल्लीतल्या फॅब्रिकेटरने त्याच ग्रेडच्या पट्टीतून करून दिल्या. ३०४ घेऊ नका, किनाऱ्यावर त्यालाही टिपके पडतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खारं पचवतं. ड्रमच्या किमतीपुढे हा खर्च म्हणजे चिल्लर, मग कंपनीला आधीच द्यायला काय धाड भरली होती?

असो. आता खताबद्दल. मे महिन्यात लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते आणि जुलैत एकही नाही. पाऊस लागला की इथे हवाच ओली, त्यात घराघरातून बांगड्याची डोकी आणि भाताची पेज, ड्रमखालच्या नळीतून काळं पाणी आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत अमोनियाचा वास. कंपनीचं म्हणणं आमची कल्चर पावडर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) आणि कोकोपीटच्या विटा घ्या. किंमत बघितलीत का त्या विटांची? नारळाच्या मुलखात नारळाचा भुसा पुण्याहून मागवायचा! मुळात पावडर कमी पडलेलीच नव्हती, कमी पडत होता कोरडा माल. मासे आणि भाजी म्हणजे नत्र, पाला आणि भुसा म्हणजे कर्ब, नत्राच्या २५-३० पट कर्ब लागतो, तो नसला की जास्तीचं नत्र वास होऊन हवेत जातं. आणि सगळं चिकट झालं की आत हवाच खेळत नाही.

मग भातगिरणीवरून तुसाच्या गोणी आणल्या. तूस कुजायला वेळ लावतं पण माल मोकळा ठेवतं. पातेरा म्हणजे गळलेला वाळका पाला सगळ्यात भारी, फक्त तो पावसाआधीच भरून ठेवावा लागतो आणि त्यालाही गिऱ्हाईक असतं, भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजायला, लोक घेऊन जातात. आता नियम असा की मासे टाकले की वर तेवढंच तूस, आणि मासे मधोमध, कडेला नाही, नाहीतर मांजरं रात्रभर ड्रम वाजवतात. वास जवळजवळ गेला. पावडर बंद, आंबट ताकावर काम चाललंय.

अळ्यांचं एक सांगायचं राहिलं. मधे करड्या, जाड अळ्या झाल्या, बायकांनी ड्रमकडे जाणं सोडलं, कंपनीने अर्थातच स्प्रे सुचवला. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या निघाल्या. ही माशी चावत नाही, घरमाशीसारखी जेवणावर बसत नाही, आणि अळ्या माशाची डोकी बघता बघता साफ करतात. मी आधी त्यांच्यावर भडकलो होतो, आता कोणी स्प्रे काढला तर त्याच्यावर भडकतो.

ड्रमला न जमणाऱ्या वस्तू म्हणजे तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या (कधीच कुजणार नाहीत, कुटून कुंडीत घाला), करवंट्या, आणि आंब्याचे बाठे. मे-जूनमध्ये ड्रम फिरवला की आत दगड गडगडतात. रायवळचे ताजे बाठे आता वेगळे ठेवतो, नर्सरीवाले कोय कलमासाठी नेतात, फक्त ते वाळू द्यायचे नाहीत. फणसाची चारखंडं (गरे काढून उरलेली सालं) चिरून टाकली तर चालतात, अख्खी टाकणाऱ्याला हँडल फिरवायला लावायचं.

एक गोष्ट ब्रोशरमध्ये नव्हती. डबा सगळ्यांसमोर रिकामा करायचा म्हटल्यावर कोणाकडे किती भात वाया जातो ते दिसतं. गणपतीत एका घरातून उकडीचे मोदक आले ड्रममध्ये, सेक्रेटरी काका काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. पुढच्या दिवशी त्याच घरून शेजारीपाजारी डबे गेले. ओला, सुका आणि घरगुती घातक हे तीन भाग २०१६ च्या नियमांनी आपल्यावर बंधनकारक केले होते, पण नियमाने जे झालं नाही ते काकांच्या नजरेने झालं. घंटागाडीला आमच्याकडून आता मुख्यतः सुकाच जातो.

खत काळं, भुसभुशीत, पावसातल्या मातीसारखा वास. आमची जांभ्याची माती, पावसाने धुऊन निघालेली, तिच्यात मिसळल्यावर अबोलीने आणि मिरच्यांनी जोर धरला. उरलेलं शेजारच्या आंबेवाल्याने नेलं, बदल्यात पुढच्या वर्षीचा पातेरा देतो म्हणालाय.

माझे साडेतीन स्टार. बिजागरीचा अर्धा कापलाय, बाकीचा एक त्या पावडरसाठी. किनाऱ्यावर राहत असाल तर डिलिव्हरीच्याच दिवशी बोल्ट बदला, आणि तुसाच्या गोणी मे संपायच्या आत भरा, पाऊस लागल्यावर गिरणीवालाही ओलंच तूस गळ्यात मारतो.