पन्हाळ्याच्या घाटात नऊ महिने: साडेसव्वीस हजारांची हार्डटेल

२०२५ च्या गुढीपाडव्याला घेतलेल्या या हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या, सायकलवर डिसेंबर संपता संपता २,९०० किलोमीटर झाले आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक किलोमीटर पन्हाळा आणि जोतिबा या दोन रस्त्यांवरचे आहेत, काही मसाई पठारावरच्या जांभ्या दगडाच्या कच्च्या वाटेवरचे आणि बाकीचे रंकाळ्याभोवतीच्या सकाळच्या फेऱ्यांचे. किंमत २६,५०० रुपये पडली. सप्टेंबरच्या २२ तारखेपासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे सहा महिने धीर धरला असता तर साधारण साडेसोळाशे रुपये वाचले असते. पण पाडव्याची खरेदी लांबवायची कशी, हा प्रश्न घरात कुणी विचारूही दिला नाही. सायकलीच्या कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण या किमतीत फ्रेमवरची अक्षरे तेवढी बदलतात आणि सुटे भाग बहुतेक तेच असतात. पाहायचे ते सुट्या भागांकडे.

दुकानात शेवटी दोन सायकली समोर उरल्या होत्या. दोन्हींची फ्रेम ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची, चाके २९ इंची आणि पुढे १०० मिलिमीटर दबणारा स्प्रिंगचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा. एकीला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होते, पण मागे सात गिअरांचे आट्याचे फ्रीव्हील होते. दुसरीला वायरने ओढले जाणारे डिस्क ब्रेक होते, पण मागे आठ गिअरांची कॅसेट होती (फ्रीव्हील आणि कॅसेट हे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाचे दोन प्रकार). दुकानदार पहिलीची शिफारस करत होता, आणि ब्रेक दाबून पाहिल्यावर कोणाचेही मन तिच्याकडेच झुकले असते. मी दुसरी घेतली. ब्रेक, टायर, सीट, पायडल या गोष्टी पुढेमागे झिजणारच आणि बदलल्या जाणारच. मागचा हब, चाकाचा तो मधला भाग, मात्र बदलायचा म्हणजे अख्खे चाक नव्याने बांधायचे, असा माझा हिशेब होता.

हा फरक बाहेरून दिसत नसल्यामुळे तो थोडा खुलासा करून सांगावासा वाटतो. आट्याचे फ्रीव्हील हबवर बाहेरून फिरवून बसवलेले असते, त्यामुळे उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, चाकाच्या मध्याकडे राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल (चाकाचा आस) कोणत्याही आधाराविना लोंबकळत राहतो. खड्ड्यात मागचे चाक आपटले की सगळा भार त्याच तुकड्यावर येतो. कॅसेटच्या हबमध्ये, निदान माझ्या सायकलीवर आहे तशा रचनेत, उजवीकडचे छर्रे थेट फ्रेमजवळ बसतात, म्हणून एक्सलचा उघडा भाग फार थोडा उरतो. माझ्या एका सोबत्याने त्याच सुमारास आट्याच्या फ्रीव्हीलची सायकल घेतली होती. त्याचे वजन ८५ किलोच्या आसपास, वाटा माझ्याच. चौथ्या महिन्यात त्याचा एक्सल वाकला, बदलला आणि दिवाळीनंतर पुन्हा वाकला. शहरातल्या रस्त्यावर कामाला जाण्यापुरती सायकल हवी असेल तर फ्रीव्हीलवर वर्षानुवर्षे निघतील, त्यात शंका नाही.

दुकानात ओळखायचे असेल तर सर्वांत लहान दातेरी चक्राच्या मधोमध पाहावे आणि चक्रे हाताने उलटी फिरवावीत. पान्याच्या खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट. चक्रे फिरतात आणि खाचा जागीच राहतात, तर ते फ्रीव्हील. गिअरांच्या संख्येवरून अंदाज बांधू नये, कारण आठ गिअरांची फ्रीव्हीलही बाजारात मिळतात.

गिअरांचा हिशेबही घाटासाठी महत्त्वाचा ठरला. माझ्या पुढच्या सर्वांत लहान चक्राला २२ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्याला ३२, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तरी ताशी पावणेसहा किलोमीटर एवढीच गती होते. ही गती चालण्यापेक्षा जेमतेम जास्त असली, तरी वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या चढाला लागल्यावर तीच उपयोगी पडते. नाकारलेल्या सायकलीवर हेच आकडे २४ आणि २८ होते, म्हणजे एका फेरीत जवळजवळ दोन मीटर. आकड्यांत हा फरक किरकोळ दिसतो. तिसऱ्या वळणावर गुडघे तो स्पष्ट सांगतात.

मापाच्या बाबतीत थोडी हुज्जत घालावी लागली. माझी उंची पाच फूट सात इंच. दुकानात १९ इंची फ्रेम शिल्लक होती आणि “सीट खाली घेतली की झालं” असे मला दोनदा सांगण्यात आले. सीट खाली घेतल्याने हँडल जवळ येत नाही. १७ इंची फ्रेमसाठी आठ दिवस थांबलो आणि त्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही.

पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये दोन्ही चाके आऊट झाली, म्हणजे फिरताना डावीउजवीकडे डोलू लागली. नव्या तारा ताण घेऊन बसतात तेव्हा हे होतेच. पण माझ्या मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या काही तारा हातानेच वाकत होत्या, यावरून कारखान्यात आणि दुकानातही चाकाला नीट हात लागला नव्हता हे उघड होते. आमच्या पेठेतल्या जुन्या मेस्त्रींनी आऊट काढली, दोन्ही हब उघडून ग्रीस भरले आणि छर्रे दाबून धरणारे कोन किंचित सैल केले. या कामाचे साडेतीनशे रुपये सायकलीच्या किमतीतच धरावेत. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास जोतिबाला गेलो तेव्हा तेल लावलेल्या चेनवर रस्त्यावरचा गुलाल असा बसला की पुढचे दोन आठवडे चेन गुलाबी राहिली. तेव्हापासून तेल घातल्यावर बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून काढायची सवय लागली.

पावसाळ्यात माझ्या निवडीची दुसरी बाजू दिसली. वायरच्या डिस्क ब्रेकमध्ये, निदान माझ्या, एकाच बाजूचा पॅड सरकतो आणि तो डिस्कला किंचित वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर टेकवतो. त्यामुळे पॅड झिजू लागले की दोन्ही बाजू हाताने जुळवत राहावे लागते. जांभ्याच्या लाल चिखलात ही झीज इतक्या वेगाने होते याची मला कल्पना नव्हती. जुलैमध्ये पाच आठवड्यांत पॅडची एक जोडी संपली आणि एकदा पन्हाळ्याहून उतरताना मागचा ब्रेक हँडलपर्यंत आला. पुढचा शाबूत होता म्हणून निभावले. पंचगंगेचे पाणी केर्लीजवळ रस्त्यावर आल्यामुळे काही दिवस सायकल घरातच राहिली, आणि त्या दिवसांत मी ब्रेक बदलायचे ठरवले. सप्टेंबरमध्ये साडेचार हजार रुपयांत शिमानोचे साधे हायड्रॉलिक ब्रेक बसवले. दोन बोटांत सायकल थांबते, आणि त्यानंतर पॅड जुळवायला एकदाही पाना हातात घेतलेला नाही. त्यांत फक्त खनिज तेल चालते. मोटारसायकलचे ब्रेक ऑइल घातले तर आतली रबरे फुगतात, म्हणून गॅरेजमध्ये कोणी मदतीचा हात पुढे केला तरी नम्रपणे नाही म्हणावे.

पंक्चर एकूण अकरा झाले, बहुतेक बाभळीच्या काट्यांचे. कच्च्या वाटेवर पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय हवा माझ्या ७८ किलो वजनाला मानवते; डांबरी रस्त्यावर ४५ पर्यंत नेतो. चेन २,१०० किलोमीटरला मापकाने ०.७५ टक्के लांबलेली दिसली तेव्हा बदलली, त्यामुळे कॅसेट वाचली.

मसाई पठारावर ऑक्टोबरमध्ये एका ओल्या दगडावरून घसरलो आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, ज्या पट्टीला लटकतो ती हँगरची पट्टी वाकली. फ्रेम वाचावी म्हणून ही पट्टी मुद्दाम मऊ ठेवलेली असते, तेव्हा तिने आपले काम केले असेच म्हणायला हवे. मात्र प्रत्येक फ्रेमची पट्टी वेगळी, आणि दुकानातून नवी यायला तीन आठवडे लागतील असे उत्तर मिळाले. मग कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका कारागिराने वाकलेली पट्टी समोर ठेवून अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून तशीच दुसरी काढली, आणि डिरेलरच्या बोल्टला लागणारा दहा मिलिमीटर व्यासाचा, एक मिलिमीटर अंतराचा बारीक आटा पाडून दिला. दोन तास आणि चारशे रुपये लागले. कंपनीची पट्टी नंतर आली, ती आता सीटखालच्या पिशवीत जादा म्हणून असते.

फोर्कबद्दल मात्र चांगले लिहिता येत नाही. वरची चकती फिरवली की स्प्रिंग कडक होते, हा समज दुकानदारांचाही असतो. प्रत्यक्षात तिने केवळ सुरुवातीचा दाब बदलतो, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. माझ्या वजनाला ती मऊच पडते आणि मोठ्या दगडावर तळाला आपटते. पावसाळ्यानंतर पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवले की खटखट जाणवू लागली, म्हणजे आतल्या बुश झिजल्या आहेत. हवेचा फोर्क बसवावा म्हटले तर तिथे माझीच चूक आडवी आली. न बदलता येणाऱ्या गोष्टी पाहून घ्यायच्या असे ठरवून गेलेला मी फ्रेमची पुढची नळी पाहायची विसरलो. ती वरपासून खालपर्यंत सरळ, सव्वा इंचाहून थोड्या कमी, म्हणजे १ १/८ इंची दांड्याची आहे, आणि हवेचे बहुतेक चांगले फोर्क आता खाली दीड इंच रुंद होणाऱ्या दांड्याचे येतात. नाकारलेल्या सायकलीची नळी खाली रुंद होती, हे मला फोटो पुन्हा पाहताना कळले.

मागचा हब गेल्या आठवड्यात उघडला तेव्हा कोन आरशासारखे स्वच्छ निघाले. फोर्क तेवढा तसाच आहे. उद्यमनगरातल्या त्याच कारागिराने खटखट ऐकून लोखंडी नळीचा साधा, न दबणारा चिमटा घडवून देऊ का, असे विचारले आहे; त्याला मी अजून होकार दिलेला नाही.