बोडीच्या ‘वर्षभराच्या देखभाली’चा करार करण्याआधी हे वाचा

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड-भिवापूर भागात सध्या एक नवा करार विकला जातोय. तुमच्या शेतात बोडी (पाळ घालून पाणी साठवलेलं लहान तळं) किंवा शेततळं असेल तर माणूस घरी येतो आणि सांगतो, पावसाळ्यात माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, आम्ही टाकू, हिवाळ्यात औषधपाणी आम्ही करू, उन्हाळ्यात ऑक्सिजनचं आम्ही पाहू, वर्ष संपलं की मासाही आम्हीच उचलू. तुम्ही फक्त पाळीवर उभं राहून बघा. अशाच एका माणसाने माझ्या बाबांचे दीड लाखाच्या वर पैसे नेले. तक्रार चालू आहे म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही. पण त्याची पद्धत सगळी लिहिते आहे. जुलै लागला की मत्स्यबीजाचा हंगाम सुरू होतो आणि ही माणसं पुन्हा गावोगाव फिरायला लागतात.

आमची बोडी भिवापूर तालुक्यात आहे, एकराच्या आसपास. तळाला काळी माती, पाळ मुरमाची, पाणी उताराचं. मिरचीच्या पैशातून बाबांनी ती खोल करून घेतली होती. मी नोकरीसाठी नागपुरात राहते, सुट्टीला गावी जाते. रोज तिथे असणारे बाबा एकटेच, आणि त्यांचं वय झालेलं. त्या माणसाने नेमकं हेच हेरलं. बाबांना तो काका म्हणायचा, मला ताई. प्रत्येक वेळी येताना कृषी प्रदर्शनातली पत्रकं, तराजूवर ठेवलेल्या मोठमोठ्या कटला माशांचे फोटो घेऊन यायचा. त्याला मासेपालन येत नव्हतं असं नाही. उलट चांगलं येत होतं, आणि म्हणूनच त्याचं प्रत्येक वाक्य अर्धं खरं असायचं.

सुरुवात बीजापासून झाली. कटला, रोहू, मृगळ हे मासे आपल्याकडे पावसाळ्यातच अंडी घालतात. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करून दाखवलं आणि तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. तरी हंगाम पावसाळ्याचाच राहिला. बीज आकारावर विकलं जातं. सगळ्यांत बारीक मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. बोटुकली महाग असते, कारण लहानपणीची मर तिने पार केलेली असते. करारात ‘बोटुकली, दहा हजार नग’ असं लिहिलं होतं. गाडी आली ती अंधार पडल्यावर. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत हजार नग असं तोंडी सांगणं, आणि कमालीची घाई. "काका, प्रवासात दमली आहे पिल्लं, मोजत बसलो तर मरून जातील." पिशव्या फोडल्या, ओतल्या, पावतीवर सही घेतली, गेला.

यात खरं इतकंच होतं की पिल्लं प्रवासात खरोखर दमतात. पण बोटुकली, म्हणजे चार इंचाची पिल्लं, हजारभर एका पिशवीत जिवंत येऊच शकत नाहीत. पिशवीत हजार असतील तर ते बारीक मत्स्यबीज, आणि अशा पिशवीत खरोखर हजार आहेत का तेही मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायला फार वेळ लागत नाही. भोकं पाडलेला एक लहान कप घ्यायचा, कपभर पिल्लं पाण्याच्या टोपल्यात सोडून मोजायची, मग किती कप झाले ते धरायचं. शिवाय पिशवी फोडून थेट ओतायची नसते. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं बोडीत तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं होतं. मग बोडीचं पाणी थोडं थोडं आत घेऊन पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्यायचं. म्हणजे मोजायला वेळ असतोच. जो विक्रेता तेवढा वेळ देत नाही, त्याचं बीज उतरवून घेऊ नका, गाडी परत पाठवा.

आता दहा हजार हा आकडा. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली हे साधारण प्रमाण आहे. एकरात तीन-चार हजारांच्या वर टाकलं तर जागा, अन्न आणि ऑक्सिजन तिन्ही कमी पडतात आणि मासा खुंटतो. हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही, कारण कराराच्या शेवटच्या पानावर खरेदीची हमी होती आणि तिच्यात अट होती की मासा एक किलोच्या वर असला तरच उचलणार. वर्षभरात हे मासे चांगल्या व्यवस्थापनात पाऊण ते एक किलो होतात. तिप्पट दाटीत ते कधीच किलोवर जाणार नव्हते. म्हणजे बीजाचे जास्त पैसेही मिळाले आणि खरेदीची हमीही कागदावरच राहिली. हा भाग वाचून मला आजही राग येतो. बाकीचं सगळं लबाडी म्हणता येईल, पण ही अट थंड डोक्याने लिहिलेली आहे.

पावसाळाभर त्याचं पालुपद एकच होतं, पाणी गढूळ आहे, मासा दिसणार नाही, जाळं टाकू नका. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही हे खरंच आहे. दिवाळीनंतर पाणी निवळलं तेव्हा दुसरं कारण आलं. "थंडीत जाळं लावलं तर खवले निघते, रोग लागते. मासोळी आत वाढून राहिली ना काका, टेन्शन नका घेऊ." हेही अर्धं खरं. नागपूरची थंडी माशाला सोसत नाही. २०१८ च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की कटला, रोहू, मृगळ असे कार्प जातीचे मासे खाणं कमी करतात, वाढ मंदावते, आणि जखम झाली तर लाल चट्ट्यांचा रोग लवकर धरतो. म्हणून थंडीत सारखं जाळं ओढू नये. पण महिन्यातून एकदा, दुपारच्या उन्हात, फेकजाळ्याने दहा-वीस मासे काढून वजन करून हलक्या हाताने सोडून द्यायला काहीच हरकत नसते. वाढ तपासायचा दुसरा मार्गही नाही. शिवाय मासा कमी खातो म्हणजे खाद्याचा खर्च कमी व्हायला हवा. आमच्याकडे शेंगदाणा ढेप (पेंड) आणि कोंड्याचं बिल डिसेंबर-जानेवारीतही तेवढंच येत राहिलं.

औषधाचं तर विचारू नका. जानेवारीत त्याने बाबांच्या फोनवर लाल चट्टे पडलेल्या माशांचे फोटो पाठवले, तुमच्याच बोडीतले म्हणून. फोटोच्या मागे सिमेंटचा काठ दिसत होता. आमच्या पाळीला सिमेंटचा कणही नाही. त्या फोटोंच्या जोरावर लेबल नसलेले पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणून ओतले. या रोगावर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने तयार केलेलं ‘सिफॅक्स’ नावाचं औषध आहे. एक हेक्टर पसरलेल्या, एक मीटर खोल पाण्याला त्याची मात्रा एक लिटर. आमच्या एकराला, पाणी दीड मीटर धरलं तरी, साधारण सहाशे मिलिलिटर पुरतं. दहा लिटर कशाचे ओतले, देव जाणे. कोणी औषध घेऊन आलं तर आधी पाण्याची लांबी, रुंदी, खोली मोजा, मग बाटलीवरची मात्रा वाचा. बाटलीवर काही लिहिलंच नसेल तर ती पाण्याजवळही नेऊ देऊ नका.

खरं रूप बाहेर आलं मे महिन्यात. पाणी कमरेपर्यंत उतरलं होतं, ऊन ४५ च्या घरात. अशा दिवसांत पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, कारण शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री स्वतःच खर्च करतं. मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेताना दिसले की लगेच ताजं पाणी सोडायचं, पंपाने पाणी उंचावरून पाडायचं, खाद्य आणि शेण बंद करायचं, आणि दाटी असेल तर मोठे मासे काढून विकायचे. त्याने यातलं काही केलं नाही. ऑक्सिजनची पावडर म्हणून पैसे घेतले आणि आठवड्याभरातच बाबांना फोन केला की गरमीने एका रात्रीत दोन-अडीच हजार मासे मेले, निसर्गापुढे इलाज नाही, करारात नैसर्गिक आपत्ती आमच्यावर नाही.

बाबांनी दोन दिवस नीट जेवण घेतलं नाही. मी गावी पोचले तेव्हा ते अंगणात नुसते बसून होते.

गावात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले एक म्हातारे आहेत, आम्ही त्यांना आजोबा म्हणतो. सगळी हयात त्यांनी मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मासे धरण्यात घालवली. त्यांनी बाबांना एकच प्रश्न विचारला, मेलेले मासे कुठे आहेत? उन्हाळ्यात मेलेला मासा आत फुगतो आणि एका दिवसात वर तरंगतो. दोन हजार मासे मेले असते तर पांढरी पोटं अख्ख्या बोडीवर दिसली असती, घारी-कावळे जमले असते, वासाने गाव नाक धरून फिरलं असतं. आमच्या पाळीवर एक खवला नव्हता. आजोबांनी तिथल्या तिथे फेकजाळं टाकलं. वर आले ते तळहाताएवढे तिलापिया, पुष्कळ, काहींच्या तोंडात पिल्लं. हा मासा काही महिन्यांतच वयात येतो आणि बोडी भरून टाकतो, मग कोणाचीच वाढ होत नाही. त्यांच्यासोबत सडपातळ, चंदेरी, बारीक खवल्यांचे काही मासे, आणि वीतभराचे मोजके रोहू. मोठ्या डोक्याचा कटला एकही नाही.

चंदेरी मासे बर्फात घालून मी नागपूरला आणले. भोईपुऱ्यातल्या मासे विकणाऱ्या बाईंनी हातात घेताच सांगितलं, "हा कटला नाही ताई, सिल्व्हर हाय. कटल्याचा भाव याला कोणी देणार नाही." तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातही तेच सांगण्यात आलं. कटल्याचे खवले मोठे असतात, डोकं रुंद, खालचा जबडा वर वळलेला. सिल्व्हर कार्पचे खवले अगदी बारीक, डोळा डोक्यावर खालच्या बाजूला, पोटावर धार. दोघेही वरच्या थरातलं अन्न खातात, त्यामुळे कटल्यासोबत तो टाकला तर कटल्याचं नुकसान. बारीक बीजात हा फरक चटकन दिसत नाही, म्हणूनच मोठी बोटुकली मागायची आणि दिवसाउजेडी उतरवून घ्यायची.

अनुदानाबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू झाली. तिच्यात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत असते. त्याने माझ्या नावाने अर्ज करतो म्हणून ‘फाइल खर्च’ वेगळा घेतला. अर्ज कुठेच गेला नव्हता. हा अर्ज जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आपणच करायचा असतो, आणि मंजूर झालेली रक्कम आपल्याच बँक खात्यात येते. मधल्या माणसाला टक्केवारी द्यायची गरज कुठल्याही टप्प्यावर नाही.

मी फोन केला तेव्हा तो आधी गोड बोलला, मग म्हणाला पुढच्या पावसाळ्यात नुकसान भरून देतो, फक्त नव्या बीजाचे अर्धे पैसे आगाऊ टाका. असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. आमच्या शेजारच्या गावात एका घराने असे दुसऱ्यांदा पैसे दिले आणि त्या पावसाळ्यात त्याने सांडव्यावरून मासे वाहून गेल्याचं सांगितलं. सांडव्याला आणि पाणी आत येण्याच्या तोंडाला जाळी लावायचं काम करारात त्याच्याच वाट्याला होतं, आणि ती जाळी कधी लागलीच नव्हती.

बोडीत आता आम्ही तिलापिया जितका निघेल तितका काढतो आहोत. पाणी पूर्ण आटवून, तळाला चुना टाकून, ऊन देऊन मगच नवं बीज सोडायचं ठरलं आहे. आजोबा महिन्यातून एकदा येऊन जाळं टाकतात, वजनं बाबा वहीत लिहितात.

तक्रारीविषयी, कारण पुष्कळ जण इथेच माघार घेतात. शेतकऱ्याने धंद्यासाठी बीज घेतलं म्हणजे तो ग्राहक नाही, असं आम्हाला त्याच्याच वकिलाने ऐकवलं. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची, तीही तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पोलिसांतही फसवणुकीची लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पक्कं बिल नाही म्हणून गप्प बसू नका. व्हॉट्सअॅपवरचे संदेश, यूपीआयच्या नोंदी, कराराचा फोटो, बीजाच्या रिकाम्या पिशव्या, औषधाचे कॅन, सगळं तारीख टाकून जपून ठेवा. आमच्या प्रकरणात सिमेंटच्या काठाचा तो फोटो पहिल्या क्रमांकाचा पुरावा म्हणून जोडलेला आहे. भिवापूर, उमरेड, कुही, मौदा भागात कोणाला असाच करार, असेच फोटो आले असतील तर फोन बदलण्याआधी ते उतरवून घ्या आणि तुमच्या तक्रारीला जोडा.