मुलाखतीत एआयची मदत घेणारा उमेदवार: पकडावा, रोखावा की मुभा द्यावी?

सोलापुरात वर्षाला आठ-दहा जागा भरणाऱ्या आस्थापनांसाठी हा आढावा आहे. त्यांत चिंचोळी किंवा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतला टॉवेल निर्यात करणारा कारखाना येतो, होटगी रस्त्यावरचे एखादे रुग्णालय येते आणि पंधरा-वीस जणांचे सॉफ्टवेअर कार्यालयही येते. करोनाच्या काळापासून मुलाखतीची पहिली फेरी, कित्येकदा शेवटचीही, व्हिडिओ कॉलवर होऊ लागली. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून त्या कॉलच्या पलीकडे नेमके कोण उत्तर देत आहे, ही शंका मालक आणि मनुष्यबळ अधिकारी बोलून दाखवू लागले आहेत. त्यांच्यापुढे साधारण चार मार्ग आहेत. पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर घेता येते, मुलाखत घेणाऱ्याच्या प्रश्नांवर भिस्त ठेवता येते, उमेदवाराला समोर बोलावता येते किंवा एआय वापरण्याची उघड मुभा देता येते. हे चारही मार्ग सारख्या तोलाचे नाहीत, आणि माझा कल कुठे आहे हे पुढे लपून राहणार नाही.

आधी प्रकार समजून घेतले पाहिजेत, कारण सगळ्यांवर एकच औषध चालत नाही. घरी बसून एआयकडून सरावाचे प्रश्न काढून घेणे ही तयारी झाली, आणि तिला हरकत घेण्याचे काहीच कारण नाही. मुलाखत चालू असताना शेजारच्या मोबाइलवर प्रश्न टाकून उत्तर वाचणे हा सर्वांत साधा गैरप्रकार होय. त्यापुढे खास याच कामासाठी बनवलेली साधने आहेत. ती मुलाखतकाराचा आवाज ऐकून त्याचे मजकुरात रूपांतर करतात आणि तयार उत्तर एका खिडकीत दाखवतात. उमेदवाराने स्क्रीन शेअर केली तरी ही खिडकी समोरच्याला दिसत नाही, कारण स्वतःची खिडकी स्क्रीनच्या चित्रणातून वगळण्याची सोय विंडोजमध्येच आहे आणि ही साधने तिचाच फायदा घेतात. 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका विद्यार्थ्याचे ‘इंटरव्ह्यू कोडर’ आणि त्यामागोमाग आलेले ‘क्लूली’ यांमुळे हा प्रकार सर्वांच्या नजरेत आला. सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे माणूसच बदलणे. ऑनलाइन मुलाखतींमध्ये बनावट चेहरा आणि आवाज वापरला जात असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून 2022 मध्ये दिला होता. आपल्याकडे मात्र एवढ्या तंत्राची गरज नसते. उमेदवाराच्या नावावर त्याचा मित्र बसला, तरी कॅमेऱ्याच्या अंधुक चित्रात तो खपून जाऊ शकतो.

पहिला मार्ग सॉफ्टवेअरचा. उमेदवाराने दुसरी खिडकी उघडली का, त्याची नजर कुठे वळते, खोलीत दुसरा आवाज येतो का, याची नोंद ही साधने ठेवतात आणि शेवटी संशयाचा एक आकडा हाती देतात. विक्रेत्याच्या सादरीकरणात हे फार पटते. प्रत्यक्षात संगणकाच्या शेजारी टेकवून ठेवलेला मोबाइल संगणकातल्या सॉफ्टवेअरला दिसत नाही, आणि नजरेची नोंद तर त्याहून कच्ची असते. एनव्हिडियाने जानेवारी 2023 मध्येच अशी सोय आणली की माणूस बाजूला वाचत असला तरी त्याचे डोळे कॅमेऱ्याकडेच पाहत असल्यासारखे दिसतात. म्हणजे ज्याला फसवायचे आहे त्याची नजर सरळ, आणि जो प्रामाणिकपणे छताकडे पाहून विचार करतो किंवा ज्याच्या एका खोलीच्या घरात मागून आई ये-जा करते, त्याच्या नावापुढे लाल खूण!

लेखी उत्तरे तपासणाऱ्या साधनांची कथा याहून बोलकी आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच जानेवारी 2023 मध्ये एआयचा मजकूर ओळखणारे साधन काढले होते. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी केवळ 26 टक्के मजकूर ओळखला आणि माणसाने लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचे सांगून, ते मागे घेण्यात आले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये अशी सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी एआयचे ठरवले. ही गोष्ट सोलापूरकराने दोनदा वाचावी. आपल्या उमेदवाराच्या घरात तेलुगू, कन्नड, दखनी किंवा मराठी बोलली जाते, शाळा बहुधा मराठी माध्यमाची असते, आणि इंग्रजी तो ठरावीक, घोटलेल्या वाक्यांतच लिहितो. अशी सरधोपट वाक्येच या साधनांना यंत्राची वाटतात.

हिशेब करून पाहू. समजा शंभर उमेदवारांपैकी दहा जण खरोखर एआय वापरत आहेत. साधन चांगले आहे असे धरून त्याने दहापैकी आठ पकडले, आणि उरलेल्या नव्वद प्रामाणिकांपैकी नऊ टक्क्यांवर, म्हणजे आठ जणांवर, चुकून संशय घेतला. हातात आलेल्या सोळा नावांपैकी निम्मी निर्दोषांची निघाली, आणि ती कोणती हे सांगायला साधनाकडे काहीच नाही.

शिवाय चेहरा आणि आवाज नोंदवून ठेवणे म्हणजे व्यक्तिगत माहिती गोळा करणे. 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम पाहता, काय नोंदवणार, कशासाठी आणि कधी पुसणार हे उमेदवाराला आधी सांगून त्याची संमती घेणेच शहाणपणाचे आहे. चेहऱ्यावरून भावना किंवा खोटेपणा ओळखण्याचा दावा करणारे साधन तर घेऊच नये. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआयवर फेब्रुवारी 2025 पासून, मोजके अपवाद सोडून, बंदी घातली आहे. महाविद्यालयात एकाच दिवशी पाचशे मुलांची चाचणी घ्यायची असेल, तर ओळखपत्र पडताळण्यापुरते आणि चाचणीची खिडकी बंदिस्त ठेवण्यापुरते सॉफ्टवेअर उपयोगी पडते. दहा जागांसाठी त्याची वर्गणी भरणे हा मला निव्वळ अपव्यय वाटतो.

दुसरा मार्ग प्रश्नांचा. अनुभवी मुलाखतकार काही खुणा सांगतात: सोप्या आणि अवघड प्रश्नाला सारखाच तीन-चार सेकंदांचा थांबा, प्रश्न मोठ्याने पुन्हा उच्चारणे, प्रत्येक उत्तर तीन मुद्द्यांत बेतशीर बसवलेले असणे, आणि मध्येच अडवले तर गाडी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू होणे. या खुणा शंकेपुरत्याच मानाव्यात. आपल्याकडे नेट अडखळते म्हणूनही थांबा पडतो, आणि मराठीत सुचलेले मनात इंग्रजीत करून बोलणाऱ्यालाही तेवढाच वेळ लागतो. म्हणून मुलाखत मराठीत किंवा उमेदवाराला सोयीच्या भाषेत घ्यावी, हा माझा आग्रह आहे. एआयला मराठी चांगली येते, त्यामुळे याने गैरप्रकार थांबणार नाही. पण निदान भाषांतराचा थांबा आणि वाचण्याचा थांबा यांची गल्लत होणार नाही.

खुणा शोधण्यापेक्षा प्रश्न खोल नेणे अधिक फलदायी ठरते. निर्यात विभागासाठी आलेला उमेदवार म्हणतो की ग्राहकांच्या जीएसएमबाबतच्या, म्हणजे कापडाच्या दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम वजन भरते याबाबतच्या, तक्रारी मी हाताळल्या आहेत. त्याला विचारावे: 70 बाय 140 सेंटिमीटरचा, 450 जीएसएमचा टॉवेल ठरला होता आणि ग्राहक म्हणतो की नगाचे वजन 400 ग्रॅम भरते, तर तुम्ही काय कराल? गणित सोपे आहे. क्षेत्रफळ 0.98 चौरस मीटर, म्हणून वजन 441 ग्रॅम हवे होते आणि प्रत्यक्षात जीएसएम 408 च्या आसपास आले. हे उत्तर एआय क्षणात देईल. ज्याने काम केले आहे तो बहुधा गणिताआधी उलट प्रश्न विचारतो: किती नग वजन केले, धुण्याआधी की धुतल्यावर, ऑर्डरमध्ये किती टक्के फरक मान्य होता, माप प्रत्यक्ष घेतले का? ही यादीही एआय देऊ शकते, म्हणून इथे थांबू नये. तुमच्या कारखान्यात वजन कोण करत असे, नोंद वहीत होत असे की संगणकावर, आणि फरक निघाला तेव्हा पहिला फोन कोणाला गेला, असे तीन पायऱ्या खाली उतरले की उसने उत्तर पातळ होत जाते आणि पाच मिनिटांपूर्वीच्या स्वतःच्याच उत्तराशी विसंगत होऊ लागते. पहिले प्रश्न सर्वांना सारखे आणि गुणांचे निकष आधी लिहिलेले असावेत. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये निवड-पद्धतींवरील संशोधनाचा फेरआढावा घेतला, तेव्हा कामगिरीचा अंदाज देण्यात अशा आखीव मुलाखतीच अग्रभागी होत्या.

या मार्गाची उणीव एकच, पण मोठी आहे: तो मुलाखत घेणाऱ्याच्या कसबावर उभा आहे. एका बाजूला सुताच्या भावाचे फोन घेत दुसऱ्या बाजूला मुलाखत उरकणाऱ्या मालकाला तो पेलणार नाही. अशा वेळी ज्या विभागात जागा आहे तिथल्या जाणत्या माणसाला प्रश्न विचारू द्यावेत, मग तो कारखान्यातला मास्तर असो वा हिशेबनीस.

तिसरा मार्ग, समोर बोलावण्याचा. गूगलचे सुंदर पिचाई यांनी 2025 मध्ये सांगितले की निदान एक फेरी प्रत्यक्ष भेटीची ठेवण्याकडे आपण परत वळत आहोत. गूगलला त्यासाठी उमेदवार विमानाने आणावे लागत असतील. सोलापूरच्या आस्थापनांना ही अडचण फारशी नाही. बहुतेक उमेदवार शहरातले, नाहीतर बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ या टापूतले असतात. उरलेला मोठा गट पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि घरी परतू पाहणाऱ्या सोलापूरकरांचा असतो. पुणे सुमारे 250 किलोमीटर आहे. हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी पुण्याहून निघून रात्री सोलापुरात येते. मुलाखत शनिवारी सकाळी ठेवली तर असा उमेदवार शुक्रवारचे काम संपवून येतो, घरी मुक्काम करतो आणि त्याची रजाही वाचते. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मात्र बाहेरगावच्या कोणाला बोलावू नये. शहरात वाहन मिळणे आणि वेळेवर पोहोचणे दोन्ही कठीण असते.

समोर बसलेल्या माणसाला टॉवेल, मोजपट्टी आणि वजनकाटा देऊन जीएसएम काढायला सांगितले, की ऑनलाइन विचारलेले सर्व प्रश्न एका कृतीत येतात. टॉवेल ताणून मोजला की सैल ठेवून, काटा शून्यावर आणला की नाही, हे पाहायला कोणतेही साधन लागत नाही. रुग्णालयात परिचारिकेला औषधाचा तक्ता भरायला द्यावा, लेखापालाला खरी पावत्यांची फाइल द्यावी. तान्हे मूल असलेली स्त्री, अपंग उमेदवार किंवा परराज्यातील माणूस यांच्यासाठी मात्र हा मार्ग अडसर ठरू शकतो, आणि त्यांना ऑनलाइन फेरीचा पर्याय खुला ठेवावा लागेल. बाकी उणिवा किरकोळ आहेत.

चौथा मार्ग मुभेचा. ऑस्ट्रेलियातील कॅन्व्हा या कंपनीने 2025 मध्ये जाहीर केले की तांत्रिक मुलाखतीत उमेदवाराने एआय वापरावा अशीच आमची अपेक्षा आहे. यामागचा विचार सरळ आहे: कामावर जे साधन रोज हाताशी असणार, त्यासहच माणूस तपासावा. आपल्याकडे सॉफ्टवेअर, जाहिरातीचा मजकूर आणि परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार या जागांना तो लागू पडतो. तथापि “काहीही वापरा” एवढे म्हणणे पुरेसे नाही. प्रश्न बदलावा लागतो. ग्राहकाला पाठवायचे एआयने लिहिलेले गुळगुळीत इंग्रजी पत्र द्यावे, त्यात नगाचे वजन किंवा पाठवणीची तारीख ऑर्डरशी न जुळणारी ठेवावी, सोबत मूळ ऑर्डर द्यावी आणि पत्र पाठवण्यायोग्य करून मागावे. भाषेला हात लावून आकडा तसाच ठेवणारा आणि आधी आकडा पकडणारा यांच्यातला फरक अर्ध्या तासात कळतो. ज्या कामात निर्णय क्षणात आणि एकट्याने घ्यायचा असतो, उदाहरणार्थ अतिदक्षता विभाग किंवा चालू यंत्रमागावरची दुरुस्ती, तिथे हा मार्ग निरुपयोगी आहे.

निवड करायची तर माझा सल्ला असा आहे. कारखाना, रुग्णालय आणि लेखा विभागातील जागांसाठी पंधरा मिनिटांची ऑनलाइन ओळख-फेरी आणि निर्णायक फेरी समोरासमोर ठेवावी. सॉफ्टवेअर आणि पत्रव्यवहाराच्या जागांसाठी तिसरा आणि चौथा मार्ग एकत्र करावा, म्हणजे कार्यालयात बसवून एआयसह काम द्यावे. पूर्णतः दूरस्थ नोकरी असेल तर दुसऱ्या मार्गावर वेळ खर्च करावा आणि रुजू होण्याआधी एक भेट, निदान ओळख पटवण्यासाठी, घ्यावीच.

कोणताही मार्ग निवडला तरी नियम बोलावणे-पत्रातच लिहिलेला हवा. ॲमेझॉनसारख्या कंपन्या उमेदवारांना हे आधीच बजावतात, आणि कित्येक उमेदवारांना मनाई आहे हेच ठाऊक नसते. मजकूर साधा ठेवावा: “तयारीसाठी एआय अवश्य वापरा. ऑनलाइन मुलाखत चालू असताना एआय, दुसरा फोन किंवा दुसऱ्या व्यक्तीची मदत घेऊ नये. अंतिम फेरी सोलापुरात प्रत्यक्ष होईल आणि तीत याच विषयांवर प्रश्न विचारले जातील.” पुढे हेच प्रश्न समोरासमोर येणार आहेत, हे तिसरे वाक्य धाक घालण्याचे काम कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा अधिक करते. तरीही ऑनलाइन फेरीत शंका आलीच, तर आरोप करू नये आणि गुपचूप नाव कापूही नये. नोंद ठेवून उमेदवाराला पुढच्या फेरीस बोलवावे आणि शंका आलेला प्रश्नच तिथे पहिला विचारावा. पुण्याहून येणाऱ्यास रेल्वेचे भाडे द्यायचे असेल तर तेही त्याच पत्रात लिहावे, आणि निवड होवो वा न होवो, ते त्याच दिवशी चुकते करावे.